डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडच्या 'मशीन हेड' अल्बममधल्या गाण्यांचा तुमचा क्रम काय? सगळ्यात गाजलेलं 'स्मोक ऑन द वॉटर' सोडून पहिला नंबर कुणाला देता येईल का?

येईल की. माझा पहिला नंबर 'पिक्चर्स ऑफ होम'चा. 'स्मोक ऑन द वॉटर' माझ्याकडे चौथं आहे.

आधी निकष सांगतो, नाहीतर क्रमाला अर्थ उरत नाही. हा अल्बम १९७१च्या डिसेंबरमध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी रेकॉर्ड झाला. तिथल्या कसिनोत काम करायचं ठरलं होतं, पण ४ डिसेंबरला अमेरिकन संगीतकार फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा जळता गोळा सोडणारं पिस्तूल) उडवली आणि कसिनो जळून खाक झाला. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून आवाज अडवला आणि बँड तिथेच वाजवायला बसला. रोलिंग स्टोन्स या बँडचा फिरता रेकॉर्डिंग स्टुडिओ बाहेर ट्रकमध्ये उभा होता. वाजवलेलं ऐकायला ट्रकपर्यंत जायचं तर खोल्या आणि बाल्कन्या ओलांडत जावं लागे, म्हणून त्यांनी जाणंच सोडून दिलं. जमलं की नाही हे तिथल्या तिथे, एकमेकांकडे बघून ठरायचं. म्हणून मी एवढंच बघतो की गिलन (गायक), ब्लॅकमोर (गिटार), ग्लोव्हर (बेस), लॉर्ड (ऑर्गन) आणि पेस (ड्रम्स) हे पाचही जण एका गाण्यात किती ऐकू येतात.

या कसोटीवर 'पिक्चर्स ऑफ होम'च्या जवळपास कुणी येत नाही. सुरुवात इयन पेसच्या ड्रम्सने होते. मग गिटार आणि ऑर्गन एकदम आत येतात आणि गाणं धावायला लागतं. गिलन बर्फ, डोंगर, गरुड आणि घरापासून दूर असलेल्या माणसाचं एकटेपण गातो, म्हणजे तेव्हा खिडकीबाहेर जे दिसत होतं तेच. जॉन लॉर्डला जागा मिळते, ब्लॅकमोरला मिळते आणि रॉजर ग्लोव्हरलाही मिळते. त्याचा छोटासा बेस सोलो हेडफोन लावून ऐका. त्यात घाई नाही, दिखावा नाही, आणि तरी सगळं गाणं त्याच्या भोवती थांबून राहतं. पुढे गाणं संपल्यासारखं वाटतं आणि पुन्हा उसळून वर येतं. मला यातलं एक सेकंदही कापावंसं वाटत नाही.

दुसरा नंबर 'हायवे स्टार'. याची जन्मकथा खरी आहे: १९७१मध्ये बँड बसने पोर्ट्समथला निघाला होता, एका पत्रकाराने विचारलं की तुम्ही गाणी बनवता कशी, ब्लॅकमोरने गिटार उचलली, गिलनने शब्द जोडले आणि त्याच रात्री ते मंचावर वाजलं. गिटारचा सोलो मात्र असा ओघात आलेला नाही. ब्लॅकमोरने तो आधी नीट बांधून ठेवला होता, बाखच्या धाटणीच्या स्वरक्रमावर. त्याच्या आधी येणारा लॉर्डचा ऑर्गन सोलो लोक गिटारची वाट बघत ऐकतात, हा त्याच्यावर अन्याय आहे. दोन्ही सोलो एकाच शाळेतले आहेत, आणि लॉर्ड आधी येतो म्हणून ब्लॅकमोरचा भाग एवढा चढतो. मग हे पहिलं का नाही? कारण 'मेड इन जपान'. ऑगस्ट १९७२मध्ये ओसाका आणि टोकियोत रेकॉर्ड झालेल्या त्या लाइव्ह अल्बमवर 'हायवे स्टार' याहून पेटलेलं आहे. एकदा ते ऐकलं की स्टुडिओतलं थोडं सावध वाटतं. 'पिक्चर्स ऑफ होम' त्या अल्बमवर नाही, आणि स्टुडिओत जे झालं त्यावर कुणी मात केलेली मी ऐकलेली नाही.

तिसरं 'लेझी'. सात मिनिटांच्या वर चालणाऱ्या या गाण्यात गिलन तोंड उघडतो तो चार मिनिटं उलटून गेल्यावर. तोवर लॉर्ड एकटा ऑर्गन घुमवत सुरुवात करतो, मग पेस झुलता ठेका धरतो आणि गिटार-ऑर्गनची सवाल-जवाबासारखी देवाणघेवाण चालते. ब्लूज आवडत असेल तर हे तुमचं पहिलं गाणं होऊ शकतं, माझी हरकत नाही.

आता 'स्मोक ऑन द वॉटर'. जळणाऱ्या कसिनोचा धूर लेमान सरोवरावर पसरला, त्यावरचं हे गाणं. शीर्षक ग्लोव्हरला सुचलं. वाद्यांचा भाग ग्रँड हॉटेलच्या आधी 'पॅव्हिलियन' नावाच्या जागी रेकॉर्ड झाला, आणि आवाजाच्या तक्रारीमुळे पोलीस दारात आले म्हणून ती जागा सोडावी लागली. आपल्याकडेही गिटारच्या क्लासला गेलेल्या बहुतेकांनी याचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा गिटारचा तुकडा, वाजवलेला असतो, पण पिकने (तार छेडायच्या चकतीने), जाड पॉवर कॉर्ड्स दाबून. ब्लॅकमोर दोन तारा बोटांनी एकाच वेळी छेडतो, म्हणून प्रत्येक स्वर सुटा आणि टोकदार येतो. तसा वाजवून बघा, फरक लगेच कळेल. शिवाय आपण ज्याला गिटारचा आवाज समजतो त्यात लॉर्डचा मार्शल अँपमधून काढलेला खरखरीत हॅमंड ऑर्गनही आहे. आधी गिटार, मग हाय-हॅट (ड्रम्समधली झांजांची जोडी) आणि ऑर्गन, मग उरलेले ड्रम्स, मग बेस: एवढी सुंदर प्रवेशांची रचना रॉकमध्ये थोडीच असेल. चौथा नंबर एवढ्यासाठी की त्या प्रवेशांनंतर गाणं फार कुठे जात नाही. रिफ सांभाळतो आणि गोष्ट सांगतो. गोष्ट उत्तम आहे, पण वरच्या तिघांत वादक जो धोका पत्करतात तो इथे नाही.

पाचवं 'स्पेस ट्रकिन''. अल्बमवर साडेचार मिनिटांचं, 'मेड इन जपान'वर जवळपास वीस मिनिटांचं. पेसचे ड्रम्स ऐकण्यासारखे.

सहावं 'मेबी आय'म अ लिओ'. यातला रिफ समेवर सुरू होत नाही, सम गेल्यावर येतो, आणि त्यामुळे सगळं गाणं किंचित मागे रेलून चालतं. ही कल्पना ग्लोव्हरची. छान आहे, पण लहान आहे.

सातवं 'नेव्हर बिफोर'. बँडने पहिलं सिंगल म्हणून हेच निवडलं आणि ते फारसं चाललं नाही. 'स्मोक' अमेरिकेत सिंगल म्हणून आलं ते थेट १९७३मध्ये, आणि चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. 'नेव्हर बिफोर' वाईट नाही. मधला संथ तुकडा तर गोड आहे, फक्त बाकी सहांच्या शेजारी ते रेडिओसाठी बेतलेलं वाटतं.

त्याच सिंगलच्या मागच्या बाजूला 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' होतं. याच मुक्कामात रेकॉर्ड झालेलं आणि मूळ अल्बममधून वगळलेलं संथ गाणं. १९९७च्या पंचविसाव्या वर्षाच्या आवृत्तीत ते मिळेल. माझ्या यादीत ते 'लेझी'च्या आधी बसतं, त्यामुळे तुम्हाला आठ गाणी चालणार असतील तर तिसऱ्या नंबरपासून सगळी एकेक घर खाली सरकवा.