आईची मिसरी आणि दादाचं हृदय

‘काकू, दादाच्या छातीत दुखायला लागलं म्हणून लातूरला नेलं. अँजिओप्लास्टी झाली. वय 46. घरात कुणाला कसलंच व्यसन नाही. आई फक्त मिसरी लावते आणि दादा जेवल्यावर चिमूटभर तंबाखू. मग हे झालंच कसं?’

पोरी, परदेशात असताना रात्री अडीचला गावाकडून फोन आला की पोटात काय होतं, ते तुला-मला सांगायला नको. तू तिथं नव्हतीस म्हणून स्वतःला खाऊ नकोस. त्याला वेळेत दवाखान्यात नेणारी माणसं होती, ते महत्त्वाचं. पण तुझ्या पत्रातल्या त्या ‘फक्त’साठी मी रागावणार आहे.

आमच्या अंबाजोगाईच्या घरी पहाटे चुलीवर तवा चढायचा, तो भाकरीआधी तंबाखूचा. पानं काळी पडेपर्यंत माय भाजायची, ठसक्यानं आम्ही लेकरं अंगणात पळायचो. मग कुटून, वस्त्रगाळ करून डबीत. ‘मिसरी लावल्याबिगर पोट मोकळं होत नाही,’ म्हणायची. साठीला आली तेव्हा एका सकाळी तिला दरदरून घाम फुटला, जबडा आणि पाठ दुखायला लागली, उलट्या झाल्या. ‘पित्त खवळलंय’ म्हणून दुपारपर्यंत लिंबू-सोडा पाजला. पुढं दवाखान्यात कळलं, तो हृदयविकाराचा झटका होता. डॉक्टरांनी व्यसन विचारलं, तर आम्ही चौघा भावंडांनी एकदम सांगितलं, ‘नाही.’ डबी तेव्हा तिच्या कनवटीलाच होती.

धूर निघत नाही म्हणून आपण ते व्यसनात धरतच नाही. निकोटीन हिरडीतून सरळ रक्तात जातं, नाडी पळते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात. इंटरहार्ट नावाच्या 52 देशांतल्या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका तंबाखूला हात न लावणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त दिसला. त्याच अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी आलेला होता. त्यात साखर, रक्तदाब, पोटाचा घेर आला की चाळिशी-पन्नाशीतली माणसं सापडतात.

म्हणून आजच फोन कर. दादाच्या डॉक्टरांना तंबाखूचं खरं सांगायला लाव, अगदी दिवसाला किती पुड्या तेही. आईवर ओरडू नकोस, डबी फेकायला तर मुळीच सांगू नकोस. माझ्या भावानं फेकली, मायनं शेजारणीची वापरली. पोट साफ होण्याचं निमित्त आधी काढून घे: रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी. तलफ आली की भाजलेला ओवा नाहीतर बडीशेप तोंडात. तलफेची एकेक लाट बहुतेक वेळा काही मिनिटांतच उतरते, हे तिला समजावून सांग. 1800 11 2356 ही तंबाखू सोडवणारी राष्ट्रीय हेल्पलाइन फुकट आहे, तिथं दादालाच बोलू दे. आमच्या मायनं दोनदा सोडून परत धरली, तिसऱ्यांदा सुटली.

आता तुझं. भावाला 55 च्या आत झालं, म्हणजे तुझ्या डॉक्टरच्या कागदावर ते लिहिलं गेलंच पाहिजे. कोलेस्टेरॉल, तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तदाब तपासून घे आणि लिपोप्रोटीन-ए (रक्तातली एक आनुवंशिक चरबी) ही तपासणी एकदा करायची का तेही विचार. टेप घेऊन बेंबीपाशी माप: आपल्या बायकांना 80 सेंटिमीटर, पुरुषांना 90 याच्या आत. नवऱ्याचंही माप.

शेंगदाण्याचं तेल की करडईचं, विचारलंस. कुठलंही घे, मोजून घे.

आईला तिकडं बोलवायचं, तर तिची आधी तपासणी करून मग तिकीट काढ. आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च प्रवासी विमा देतो की नाही, ते सही करायच्या आधी वाच. आणि तिच्या सामानात डबी असेल, तर मला लिही.