लाल ढग, कोरडं अंगण

(हवामान खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या स्तंभलेखिका वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : ताई, मुलगा मोबाईलवर उपग्रहाचं चित्र दाखवतो. ऑक्टोबरात आमच्या गावावर लालभडक ढग दिसला म्हणून कापलेलं भात धावतपळत खळ्यात आणलं. थेंबही पडला नाही, मजुरी मात्र गेली. उलट जुलैत चित्रात फिकट करडं काहीतरी असतं आणि बाहेर धो धो. या चित्रावर विश्वास ठेवायचा की नाही? (एक शेतकरी, श्रीवर्धन तालुका)

उत्तर : चित्र खरं आहे हो, पण ते पावसाचं नाही. आपले इन्सॅट-3डीआर आणि इन्सॅट-3डीएस हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर आहेत. तिथून त्यांना ढगाचा फक्त माथा दिसतो. तुमचा मुलगा दाखवतो ते बहुधा उष्णतेचं चित्र असणार. ढगाचा माथा किती थंड आहे तेवढंच त्यात मोजलेलं असतं. माथा जितका उंच तितका थंड, आणि उणे साठ-सत्तर अंशांच्या माथ्याला संगणक भडक रंग देतो. हा रंग माणसांनी ठरवलेला. ढग काही लाल नसतो.

ऑक्टोबरातला गडगडाटी ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो. वर गेल्यावर त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो आणि वरच्या वाऱ्याबरोबर लांबवर फरफटत जातो. पाऊस पडतो बुंध्याखाली, म्हणजे कदाचित घाटमाथ्यावर. तुमच्या डोक्यावर आली ती नुसती ऐरण. लाल होती, थंड होती, पण तिच्यात पाऊस नव्हता.

जुलैची गोष्ट उलटी. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला धडकून वर चढते आणि बुटके ढग तयार होतात. त्यांचे माथे बऱ्याचदा पाच-सहा किलोमीटरच्या वर जात नाहीत. तिथे तापमान शून्याच्या आसपास, म्हणून चित्रात करडा रंग. पण थेंबाला थेंब चिकटून मोठा व्हायला बर्फ लागतोच असं नाही. ताम्हिणी, महाबळेश्वरला झोडपणाऱ्या पावसात अशा बुटक्या ढगांचा मोठा वाटा असतो. नुसत्या माथ्याच्या तापमानावरून पावसाचा अंदाज काढला तर घाटात तो हमखास कमी येतो. नोकरीत असताना पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठची मोजमापं आली की आम्ही ती चित्राशी ताडून बघायचो, आणि घाटातली पर्जन्यमापकं चित्राला रोज खोटं पाडायची.

शिवाय उष्णतेच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे चार किलोमीटर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला 75 सुद्धा नाही. एकाच शहरातला हा फरक माथे बघून कसा कळणार? त्यासाठी रडार हवं, ते ढगाच्या पोटातले थेंब बघतं. सूक्ष्मलहरींवर (मायक्रोवेव्हवर) चालणारे उपग्रहही ढगाच्या आत बघतात, पण ते कमी उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत जातात, तुमच्या गावावर कायम थांबत नाहीत.

तेव्हा भात आणायचं की नाही हे ठरवताना एकच चित्र बघू नका. दर पंधरा मिनिटांनी नवं चित्र येतं, तासाभरातली चार एकामागून एक लावा. लाल डाग जागच्या जागी फुगतोय की विरत सरकतोय ते बघा, आणि सोबत मुंबईच्या रडारचं चित्र उघडा. आणि हो, कोपऱ्यातली तारीख आणि वेळ वाचा. तिथे जीएमटी (ग्रीनिचची वेळ) असेल तर साडेपाच तास मिळवायचे. आमच्या नात्यातल्या एका व्हॉट्सॲप गटात दोन वर्षांपूर्वीचं वादळ दर मे महिन्यात नव्याने येतं!

प्रश्न : भर समुद्रात वारा मोजायला कोणी नसतं. मग ‘निसर्ग’ वादळ ताशी इतक्या वेगाचं आहे हे आधीच कसं सांगितलं? (अलिबाग)

उत्तर : आकारावरून. 1970 च्या दशकात व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने पद्धत बसवली, ती आजही जगभर चालते. मी शिकले तेव्हा पारदर्शक कागदावर एक सर्पिल रेषा छापलेली असायची. तो कागद चित्रावर ठेवायचा आणि ढगांचा पट्टा केंद्राभोवती किती वळलाय ते दहाव्या हिश्शात मोजायचं. अर्धा वेढा असेल तर अमुक अंक, पाऊण असेल तर त्याहून वरचा. त्या अंकावरून वारा. दोघांची मोजणी जुळली नाही की वाद व्हायचे, आणि चहा गार व्हायचा. आता संगणकही मोजतो, पण माणूस शेजारी बसतोच.

‘निसर्ग’ 2 जून 2020 च्या दुपारी चक्रीवादळ झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तुमच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर. माझं माहेर दिवेआगरजवळ आहे. चित्रात त्या दिवशी पांढऱ्या वेटोळ्याची एक कड किनाऱ्याला टेकलेली दिसत होती, बस. आठवड्याने फोन लागला तेव्हा भाऊ म्हणाला, ‘‘वाडीत उभं राहिलं की थेट समुद्र दिसतो.’’ मधली पोफळीची झाडं सगळी आडवी झाली होती.

प्रश्न : जानेवारी 2022 मध्ये एका रविवारी गाड्यांवर पांढरी भुकटी बसली होती. ती उपग्रहाला दिसली होती का? (ठाणे)

उत्तर : दिसली होती. वायव्येकडून, पाकिस्तान-गुजरातच्या बाजूने अरबी समुद्रावरून आलेली ती धूळ. साध्या चित्रात धूळ आणि विरळ ढग यांची गल्लत होते. म्हणून उष्णतेच्या किरणांच्या दोन शेजारच्या तरंगपट्ट्यांत मोजलेलं तापमान एकमेकांतून वजा करतात. ढग असेल तर उत्तर एका बाजूला जातं, धूळ असेल तर दुसऱ्या. इतकी साधी वजाबाकी! मी त्या दिवशी खिडकीची जाळी पुसली, तर फडक्यावर गव्हाच्या पिठासारखा थर आला.