स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणारी) गोळी सुरू केल्यापासून चिडचिड होते, उदास वाटतं, हे गोळीमुळेच असेल का?

होऊ शकतं, पण गोळीच कारण असण्याची शक्यता कमी आहे, आणि काहीही झालं तरी डॉक्टरांना न विचारता स्टॅटिन बंद करू नका. मोठ्या ट्रायल्समध्ये खरी गोळी आणि प्लासिबो (औषध नसलेली खोटी गोळी) घेणाऱ्यांची तुलना केली तेव्हा स्टॅटिनवाल्यांमध्ये डिप्रेशन जास्त आढळलं नाही. २०२० च्या सॅमसन ट्रायलमध्ये तर त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० लोकांना काही महिने खरी, काही महिने खोटी गोळी दिली आणि काही महिने कुठलीच दिली नाही, तर खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला त्याच्या सुमारे ९०% खोट्या गोळीवरही झाला. म्हणजे त्रास खराच होता हां, फक्त तो बहुतांशी औषधातून येत नव्हता. तरी काही जणांना झोप नीट न लागणं, विसरायला होणं, गोंधळल्यासारखं वाटणं असं होतं, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१२ मध्ये विसराळूपणा आणि गोंधळ लेबलवर टाकायला लावला, बहुतेकदा गोळी थांबवल्यावर ते जातं. झोप बिघडली की चिडचिड आलीच, म्हणून आधी झोपेचं बघा. डॉक्टरांना हे सांगा:

- गोळी कधी सुरू झाली, त्रास कधी
- झोप कशी आहे
- बाकी कुठली औषधं चालू आहेत
- थायरॉईड तपासलंय का (तो कमी असेल तर कोलेस्टेरॉल वाढतं आणि उदासही वाटतं)

डोस कमी करणं किंवा दुसरं स्टॅटिन देणं डॉक्टरांना सहज शक्य असतं. फक्त जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आजच घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा.