वाचक विचारतात : तळ्यातली मासळी

प्रश्न : आमच्याकडे भंडाऱ्यात रोहू, कटला, मरळच मिळते. समुद्राच्या मासळीपेक्षा तिच्यात सत्त्व कमी असतं का?

उत्तर : प्रथिनांच्या बाबतीत अजिबात नाही. रोहूच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात (काटे वगळून) साधारण १६ ते २० ग्रॅम प्रथिनं मिळतात. पापलेट-बांगड्याचा आकडाही त्याच आसपास. बी-१२ही चांगलं असतं. चरबी मात्र बेताची. म्हणूनच ओमेगा-३ मध्ये रोहू बांगडा-तारलीच्या बरीच मागे पडते. आयोडीनही समुद्री मासळीत जास्त, तेव्हा आयोडीनयुक्त मीठ सोडू नका.

कॅल्शियम काट्यात असतं, आणि रोहूचे काटे आपण ताटाच्या कडेला काढतो. ते हवं असेल तर बोटाएवढी बारीक मासळी घ्या. पोट साफ करा, डोकं ठेवा, कमी तेलात कुरकुरीत परता आणि काट्यासकट चावून खा. बाजारात हिला कुणी मान देत नाही, पण पैशाला पोषण तिच्यातच जास्त. लहान मुलांना मात्र काटा पूर्ण मऊ झाल्याशिवाय देऊ नका. त्यांच्यासाठी मरळ बरी. रोहूसारखे मांसात रुतलेले दुफाटी काटे तिच्यात नसतात.

तुकडे भरपूर तेलात तळले, तर कमी चरबीचा फायदा कढईतच राहिला. रस्सा करा आणि तो भातावर घ्या, कारण पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं त्यात उतरतात.

प्रश्न : मातकट वास जात नाही. मासा शिळा असतो का?

उत्तर : बहुधा नाही. तळ्यातल्या शेवाळासारख्या सूक्ष्मजीवांपासून तयार होणारं जिओस्मिन नावाचं मातकट वासाचं द्रव्य माशाच्या चरबीत साठतं. ते अपायकारक नाही. पोटातला काळा पडदा, कल्ले, कण्यालगतचं गोठलेलं रक्त आणि कातडीखालची गडद पट्टी काढा. मग चिंचेचा कोळ किंवा लिंबू, मीठ, हळद लावून २० मिनिटं ठेवा आणि धुऊन घ्या. आंबटाने जिओस्मिन मोडतं. नुसत्या मिठा-हळदीने तेवढा फरक पडत नाही.

प्रश्न : रोहूचं पित्त गिळल्याने साखर कमी होते म्हणतात. खरं का?

उत्तर : कृपा करून गिळू नका. रोहू, कटला आणि ग्रास कार्प यांच्या पित्तात मूत्रपिंड निकामी करणारं विष असतं. उकळून किंवा शिजवूनही ते नष्ट होत नाही. मासा कापताना यकृताला चिकटलेली हिरवी पिशवी न फोडता अलगद काढून टाका. फुटलीच तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा आणि हिरवा झालेला भाग कापून फेका. कुणी पित्त गिळलं, तर काही तासांत उलट्या-जुलाब आणि पोटदुखी सुरू होते, पुढे लघवी कमी होते. उलट्या थांबल्या म्हणून घरी बसू नका. लगेच दवाखाना गाठा आणि माशाचं पित्त पोटात गेलंय, हे डॉक्टरांना आधी सांगा.