त्या दिवशी आजोबांना काय ठाऊक होतं?

प्रिय मुला,

तुझ्या कादंबरीची प्रकरणं दोनदा वाचली. नवी मुंबईतल्या घणसोलीच्या घरातली बोली तुला साधली आहे, त्यावर वेळ घालवत नाही. "आजोबांनी जमीन दिली ते चूक की बरोबर हेच ठरत नाही, म्हणून पुढे सरकत नाही," असं तू लिहिलंस. अरे, पण तुला ठरवायला सांगितलं कुणी? आजोबांना त्या दिवशी जे ठाऊक होतं तेवढंच लिही.

तुझे आजोबा १९७२ साली ओटीवर बसून, नवी मुंबईसाठी जमीन देण्याच्या कागदावर अंगठा देतात. वाशीचा खाडीपूल १९७३चा. वाशीपर्यंत लोकल आली १९९२ला. जासईला जमिनीसाठीच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले ते जानेवारी १९८४मध्ये, आणि जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचा निर्णय त्याच्याही नंतर, १९९०ला. यातलं आजोबांच्या पुढ्यात काय होतं? काहीच नाही. पुढ्यात होती खाडीचं पाणी शिरून खारावलेली खाचरं, लग्नाला आलेली मुलगी आणि सरकारी नोटीस. तू मात्र त्यांच्या डोळ्यांत आजचा जमिनीचा भाव घातला आहेस. म्हणून ते कधी मूर्ख वाटतात, कधी हुतात्मा. माणूस वाटतच नाहीत.

आणखी एक. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी पंचाण्णव गावांची जमीन संपादन झाली, ती काही घराघराला विचारून नाही. जमीन जाणारच होती. घराच्या हातात उरला होता तो मोबदल्याचा पैसा. थोरल्याला मिठागरावर ठेवून धाकट्याला शिकवायचं, आणि मुलीचं लग्न त्याच पैशांत उरकायचं, हे आजोबांनी ठरवलं. तुझी कादंबरी तिथे आहे. थोरल्याचं दारू पिणं, धाकट्याचं नेरुळच्या फ्लॅटमध्ये गावाचं नाव न काढणं, आत्याचं उरणला जाणं, सगळं तिथून निघतं. आणि ते तू अर्ध्या पानात संपवलंस!

आता आत्या. तिला तू दोन ओळी दिल्यास, त्यातही "मूर्खासारखं हक्कसोडपत्र करून दिलं" असं म्हणालास. हे वाचून मी वही मिटून ठेवली होती.

मीसुद्धा वाटा सोडल्याची अशी सही केली आहे. कायदा मला माहीत होता. १९५६पासून मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा आहे, २००५च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनच मुलाइतका. माझे विद्यार्थीच मला सांगतात, बाई, आज त्या प्लॉटची किंमत काय झाली असती! असेल. त्या वर्षी माझी आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचं हगणंमुतणं माझी वहिनी काढत होती. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बसले तेव्हा मला तेवढंच दिसत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. आजही सही करीन. खंत आहे ती वेगळी. कुणी विचारलंच नाही. "फोटो आणि ओळखपत्र घेऊन ये," एवढा निरोप आला. बहिणीने नाही म्हटलं असतं तर काय, हा प्रश्न त्या घरात कुणाच्या मनातही आला नाही. तो मला अजून छळतो, आणि तुझ्या आत्यालाही छळत असणार.

तू म्हणशील, बाई स्वतःचीच बाजू मांडतायत. मांडते आहे. पण म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही: त्या दिवशी जे ठाऊक होतं तेवढंच.

शेवटचं नवी मुंबई विमानतळाचं प्रकरण काढून टाक. उद्घाटन झालं ऑक्टोबर २०२५ला, आजोबा जाऊन किती वर्षं झाली? ते विमान फक्त तुला दिसतं आहे.

तुझी खरी आत्या उरणलाच असते ना? तिच्याकडे जा. "सही का केलीस" असं विचारू नकोस, ती गप्प बसेल. त्या आठवड्यात घरात कोण आजारी होतं, कुणाकडे पैसे मागायला गेले होते, जेवायला काय शिजत होतं, ते विचार. मग मोबदल्याचं प्रकरण नव्याने लिही आणि तेवढंच पाठव. बाकीचं मी आत्ता वाचणार नाही.

तुझी,
बाई