वाचक विचारतात: सळईवाल्या कंपनीच्या पोरी अन् अकरा वर्षांची दादागिरी

मागच्या अंकात आशियातल्या महिला फुटबॉलवर चार ओळी छापल्या होत्या, त्यात कोरियाच्या ह्युंदाई स्टील रेड एंजल्स टीमचं नाव आलं अन् तेवढ्यावरच इतके मेसेज आले की हा कॉलम सगळा त्यांनाच देऊन टाकलाय. क्रिकेटवाल्यांनी या वेळी माफ करावं.

प्रश्न: सर, ह्युंदाई म्हणजे कारवाली कंपनी ना? तिची लेडीज फुटबॉल टीम सलग ११ वर्षं चॅम्पियन होती असं तुम्ही लिहिलंय, आमच्या ग्रुपवर कोणी मानायलाच तयार नाही. खरं काय ते सांगा. (एक वाचक, जालना)

खरंय भाऊ, हे पान फोटो काढून ग्रुपवर टाका. २०१३ ते २०२३, मधी एक वर्षसुद्धा सुटलं नाही. कारवाला ग्रुप तोच, पण टीम त्यांच्या स्टील कंपनीची. इंचॉनला त्यांचा प्लांट आहे, तिथं इलेक्ट्रिक भट्टीत भंगार वितळवून सळई अन् बीम काढतात, आता हे जालन्याच्या माणसाला काय समजवायचं, तुमच्या एमआयडीसीत दिवसरात्र तेच चालू असतंय. टीम निघाली १९९३ ला, तेव्हा कंपनीचं नाव इंचॉन स्टील होतं. अन् ज्या लीगमधी ही ११ टायटल मारली ती तिथली महिलांची डब्ल्यूके लीग सुरू झाली २००९ ला. म्हणजे लीगचा पत्ताच नव्हता तेव्हापासून कंपनी पोरींची टीम सांभाळायली होती, माझ्या मते सगळी गोष्ट इथंच आहे, बाकीचं नंतरचं.

बरं लगेच जिंकल्या असंही नाही. पहिली चारही वर्षं फायनलला जायच्या अन् हरून यायच्या, त्यातल्या तीन वेळा डेक्योकडून. ही डेक्यो म्हणजे शाळेच्या पोरांचं अभ्यासाचं साहित्य विकणारी कंपनी, तिची टीम लई तगडी होती. पण २०१७ चा सीझन संपला अन् डेक्योनं टीमच बंद केली. त्याच्या आधी २०१२ ला इल्ह्वा कंपनीनं पण तेच केलं होतं. कंपनीच्या मनात आलं की टीम गुंडाळली, अशा लीगमधी जो मालक टिकून राहिला त्याच्याकडं नॅशनल टीमच्या पोरी जमा होत गेल्या, वरून ब्राझीलची बिआ सारखी स्ट्रायकर आणली, मग कोण हरवणार. म्हणून ११ टायटलचं कौतुक करताना समोरच्या टीम कशा कमी होत गेल्या ते पण बघावं लागतंय.

प्रश्न: दरवर्षी तीच टीम जिंकणार म्हटल्यावर मॅच बघायला मजा काय? (एक वाचक, लातूर)

बरोबर बोललात, लीगला ते जडच गेलं, तिथं स्टेडियममधी गर्दी तशीही कमीच असते. पण सगळ्या फायनल एकतर्फी नव्हत्या हो. टीम आठ, लीग संपली की दुसरी अन् तिसरी टीम आपसात खेळते, जी जिंकेल ती पहिल्या नंबरवालीशी दोन मॅच खेळते, दोन्हीचे गोल मिळून निकाल. २०१८ ला ग्योंगजूच्या टीमनं (ती अणुवीज कंपनीची) पहिल्या मॅचला ह्युंदाईला ३-० असं धुतलं होतं, दुसऱ्या मॅचला यांनी ते फेडून काढलं अन् पेनल्टीवर कप नेला. २०२३ ला तर कहरच, सुवॉन नावाच्या टीमकडून पहिली मॅच १-३ हरल्या, सगळ्यांना वाटलं गेलं आता राज्य, अन् घरच्या ग्राउंडवर ६-२ मारलं. एकूण ७-५. ही मॅच ज्यानं बघितली तो बोअर झाला म्हणणार नाही!

२०२४ ला मात्र मालिका तुटली, सुवॉन चॅम्पियन झाली अन् २०२५ ला ह्वाचॉन. मला विचाराल तर बरं झालं.

प्रश्न: कोरियाची स्टार प्लेअर जी सो-युन या टीमकडून खेळली का? (एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई)

नाही. ती इंग्लंडच्या चेल्सी क्लबवरून २०२२ ला परत आली ती सुवॉनला. तुला ह्युंदाईवाली मोठी प्लेअर पाहिजे तर चो सो-ह्युन बघ, इथून पुढं ती इंग्लंडला वेस्ट हॅम अन् टॉटनहॅमकडून खेळली.

प्रश्न: यातल्या कोणी आपल्याकडं खेळून गेल्यात का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

गेल्यात ना, अन् आपल्याला पत्ताच नाही. २०२२ चा महिला आशिया कप आपल्या महाराष्ट्रात झाला, पुण्यात बालेवाडीला, मुंबईत अन् नवी मुंबईत. कोरियाच्या टीममधी ह्युंदाईच्या पोरी भरपूर होत्या. बालेवाडीला त्यांनी ऑस्ट्रेलियाला १-० नं घरी पाठवलं, मग फायनल डी. वाय. पाटीलवर चीनसोबत. पहिला गोल चोई यु-रीनं मारला, तेव्हा ती ह्युंदाईचीच, हाफटाइमला कोरिया २-० पुढं अन् शेवटी ३-२ नं हारली, तिसरा गोल एक्स्ट्रा मिनिटांत खाल्ला. कोरोनामुळं प्रेक्षकांना आत सोडत नव्हते, नाहीतर इथून रात्रीची गाडी पकडून गेलो असतो. आपली टीम तर कोरोनामुळंच स्पर्धेतून बाहेर पडली होती, ते दुखणं वेगळंच.

क्लबचं म्हणाल तर आशियात ह्युंदाईला कप मिळाला नाही. मे २०२४ ला जपानमधी फायनल खेळल्या, तिथल्याच उरावा क्लबकडून १-२ हारल्या. त्याच उरावानं नंतर आपल्या ओडिशा एफसीला १७-० हरवलं, त्यावरून अंदाज घ्या.

प्रश्न: माझी मुलगी नववीला आहे, फुटबॉल चांगलं खेळायली. तिकडं मुलींना पगार मिळतो म्हणे, इकडं काय करावं? (एक पालक, परभणी)

दादा, तिकडं शाळा-कॉलेजातून निघालेल्या मुलींचा ड्राफ्ट होत आलाय, त्यात टीम आळीपाळीनं निवडायच्या अन् कितव्या फेरीत नाव आलं त्यावर पहिला पगार ठरायचा. एक टीम तर लष्कराची पण आहे. आपल्याकडं असा सरळ रस्ता नाही, खोटं कशाला सांगू. इंडियन विमेन्स लीग आहे, गोकुलम केरळ, ईस्ट बंगाल या टीम आशियापर्यंत जाऊन आल्यात, पण तिथवर पोचायला मुलगी आधी राज्य पातळीवर दिसली पाहिजे. जालन्याच्या एखाद्या सळईवाल्या शेठनं टीम काढली तर मी पहिल्या मॅचला हजर राहीन, पण त्याची वाट बघत बसू नका. सुब्रोतो कप म्हणजे शाळांची देशपातळीवरची फुटबॉल स्पर्धा, तिला १७ वर्षांखालच्या मुलींचा गट असतो, शाळा सुरू झाल्या झाल्या जिल्ह्याच्या मॅच उरकून घेतात अन् बऱ्याच शाळा मुलींची एंट्रीच पाठवत नाहीत. म्हणून पीटीच्या सरांना आत्ताच भेटा, टीम होण्याएवढ्या पोरी शाळेत आहेत का ते विचारा, अन् जन्माच्या दाखल्यावरचं नाव आधार कार्डाशी जुळतंय का ते घरी जाऊन आजच बघा, ऐनवेळी पोरी त्याच्यावरूनच बाहेर बसतात.