दहा किलोचे डंबेल मारतो, मग मुद्गलही दहा किलोचाच घेऊ का?

नका घेऊ. मीही हाच हिशेब केला होता आणि पहिल्याच दिवशी मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळून बसलो होतो.

डंबेलचं वजन मुठीत असतं. मुद्गल म्हणजे तालमीत फिरवायचा लाकडी सोटा, त्याचं वजन मुठीपासून लांब, बुडाकडे. घरात क्रिकेटची बॅट असेल तर मुठीच्या अगदी टोकाला एका हातानं धरून आडवी करून बघा. जेमतेम सव्वा किलोची वस्तू, पण थोड्याच वेळात मनगट बोलायला लागतं. तीच बॅट मधोमध धरा, काही वाटत नाही. म्हणून मुद्गल बघताना किलोइतकीच त्याची लांबीही बघा.

सुरुवातीला दोन किलोचा, आणि एकच घ्या. जोडी नंतर. (डावा हात उजव्याचं ऐकत नाही, मग पाठीमागे ठक्कन आवाज येतो.)

हलका घ्यायला कमीपणा वाटत असेल तर सांगतो: आपल्या तालमीतली ही विद्या ब्रिटिश सैन्यामार्फत बाहेर गेली आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तिची स्पर्धाही झाली. तिथेही महत्त्व वजनाला नव्हतं, फिरवण्यातल्या सफाईला होतं.

फिरवायचं असं: पाय खांद्याइतके फाकवा, मुद्गल छातीसमोर उभा धरा. उजव्या हातात असेल तर डाव्या खांद्यावरून मागे सोडा. सोडा म्हणजे खरंच सोडा (मूठ नव्हे, ती घट्टच), ढकलू नका. कोपर वर ठेवलंत की तो लंबकासारखा पाठीमागून झोका घेतो आणि उजव्या खांद्यावरून आपसूक पुढे येतो. जोर लागतो तो समोर आल्यावर त्याला थांबवताना. मागे जाताना कंबरेत बाक येत असेल तर वजन जास्त आहे किंवा तुम्ही दमलात. दोन्ही वेळा खाली ठेवायचा.

खांदे मोकळे होतील, पकड घट्ट होईल. दंड फुगवायचे असतील तर मात्र डंबेलच बरे.

घेताना मुठीच्या टोकाला बोंड आहे ना, ते बघा. माझ्या मुद्गलाच्या मुठीवर गुळगुळीत व्हार्निश होतं. घामानं दोनदा निसटला, तेव्हा पॉलिशपेपरनं घासून काढलं. तुम्ही ते आधीच काढा.